ठोंबऱ्याची काळी ज्वारी

माय, इतक्या वर्षांनी लिहितो आहे, रागावू नकोस. तुझ्यामागे घरात लग्नं झाली, बारशी झाली, तेव्हाच लिहायला हवं होतं. तेव्हा सुचलं नाही, आणि आता गोठ्यात बैल आजारी पडला तर तू आठवलीस. तुला वाचता येत नव्हतं, हेही दोन ओळी लिहून झाल्यावर ध्यानात आलं. असू दे. बसवत नाही, उभंही राहवत नाही, म्हणून लिहितो.

पोळा नुकताच झाला. तू पोळ्याच्या आधी आठवडाभर बैलांना ठोंबरा घालायचीस, ज्वारी भरडून, मीठ टाकून, अंगणातल्या चुलीवर शिजवलेला. मी ते सोडलं नाही. पण आता ज्वारी आणायची कुठून? शिवारात जिकडे बघावं तिकडे कापूस. भाव पडतो, बोंडात अळी निघते, तरी माणसं कापूसच लावतात, मीही लावतो. ज्वारी तेवढी धुऱ्याजवळच्या, बांधालगतच्या पट्ट्यात, ढोरांपुरती. मागच्या साली कणसं भरली आणि वरून पाऊस झाला. दाणे काळे पडले. भाकरीला चालणार नाहीत म्हणून पत्र्याच्या कोठीत बैलांसाठी ठेवले. यंदा कोठी उघडली तर दाण्यांचे गोळे झालेले, कुबट वास. मी गोळे फोडले, दाण्यांना ऊन दाखवलं, दोनदा धुतले आणि रोजच्यापेक्षा जास्त वेळ शिजवले. सून म्हणाली, "मामाजी, वास काही जात नाही ना वो." मी म्हटलं, "चुलीवर रटरट शिजल्यावर काय राह्यते त्याच्यात? अन् बैलाले कायचा आला वास?"

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरांचा तान्हा पोळा झाला आणि माझ्या तांबड्या बैलाने वैरणीला तोंड लावणं सोडलं. भिंतीला डोकं टेकून उभा राहतो. डोळे पिवळे झालेत. काल आर्णीहून ढोरांचा डॉक्टर आला, पोरसवदा आहे, पण बोलायला चांगला. त्याने कोठीतली मूठभर ज्वारी हातावर घेतली, हुंगली आणि म्हणाला, "आजोबा, शिजवल्यानं बुरशी मरते, तिनं दाण्यात सोडलेलं विष नाही मरत. त्याच्या लिव्हरवर गेलंय हे." मी विचारलं, गुळाचं पाणी पाजू का? तो म्हणाला, ते कोवळ्या ज्वारीच्या विषाला, हे विष वेगळं, याला तसा उतारा नाही, ही ज्वारी आधी बंद करा. सलाईन लावून गेला. आज सकाळी बैल जरासं पाणी प्यायला. जगेल की नाही, सांगता येत नाही.

गुळाचं पाणी मी विचारलं ते तुझ्यामुळे. आपली बांडी गाय ज्वारीच्या कापलेल्या शेतात शिरली होती, आठवतं? कोवळे फुटवे खाल्ले आणि धुऱ्यावरच कोसळली, तोंडाला फेस. मला वाटलं तू गायीकडे धावशील. तू गल्लीत शिरलीस. "ढोरं बांधा वो, आमच्या वावरात फुटवे लागले! बांधा आधी!" दारोदार ओरडत गेलीस, आणि मग परत येऊन बांबूच्या नळीने गायीला गूळपाणी पाजलंस. बाबा किती चिडले होते. "गाय इथं मरून राह्यली अन् तू गावले सांगत फिरतं?" तू म्हणालीस, "गाय आपली एक हाय. गावची किती हायेत?" गाय वाचली म्हणून बाबा गप्प बसले. मेली असती तरी तू तसंच केलं असतंस.

आता खरं कशासाठी लिहितो ते सांगतो. तीच ज्वारी मी मावशीला दिली आहे. तुझी मैत्रीण, शेवटच्या घरची. तिच्याकडे एकच बैल उरला आहे. दुसऱ्याचा बैल जोडीला घेते, तेव्हा कुठे तिचं वावर नांगरून होतं. यंदा तिच्या घरी ज्वारीचा दाणा नव्हता. मीच डोक्यावर पोतं घेऊन गेलो. तिने माझ्या तोंडावरून हात फिरवला. "तुह्या मायनंच पाठवली असंन रे बापू."

डॉक्टर गेल्यावर लगेच तिच्याकडे गेलो नाही. आज सकाळी गेलो. तिचा बैल बसलेला, समोर वैरण तशीच. ती मिरच्या-मीठ ओवाळत होती. म्हणाली, "पोळ्यात लय सजवला ना, कोणाची तरी नजर लागली. थांब, ठोंबरा टाकला हाय चुलीवर. त्याच्या आवडीचा हाय, खाईन." माझ्या तोंडून निघालं, "आता नको घालू मावशी, पोट जड दिसते त्याचं." ती हसली. "डॉक्टर झाला काय रे? बरं, मंग संध्याकाळी घालतो." मी तिच्या हातचा चहा प्यालो आणि परत आलो. नजर नाही, माझी ज्वारी आहे, एवढे पाच शब्द काही निघाले नाहीत.

ऊन उतरायला लागलं आहे. सुनेला सांगून बघावं, तिने जाऊन सांगावं, असंही मनात येऊन गेलं. ते बरं नाही, मलाही कळतं. मावशी रडली तर मी काय करू? पोतं परत मागताना काय म्हणू? डॉक्टरला फोन करून बोलावता येईल, पण आधी तिला सांगावं लागेल ना, कशासाठी ते. माय, नुसतं पहिलं वाक्य सांग, पुढचं मी बोलतो. तिने ठोंबरा बैलापुढे ठेवायच्या आत निरोप धाड.