मालाकीच्या गाडीची डावी सीट

किलारान, काउंटी रॉसकॉमन
१४ जानेवारी २०१४

ती. अ‍ॅट्रॅक्टाताईस,
धाकट्या डिंफ्नाचा सा. न. वि. वि.

नवी गाडी आली. तुला फोनवर नीट ऐकू येत नाही, आणि जे येतं ते तू भलतंच ऐकतेस, म्हणून लिहून कळवते. राखाडी, चार दारांची, लांबलचक सेडान. डिकीत मी आडवी मावेन, आणि लग्नाच्या इतक्या वर्षांत मालाकीच्या मनात ते कधीतरी येऊन गेलं असणार.

जुन्या गाडीचा गिअरबॉक्स ऑक्टोबरातच गेला होता. तेव्हापासून आम्ही रविवारी चर्चमध्ये मिस्सेला मालाकीच्या भावाच्या, फर्गलच्या गाडीत मागे बसून जात होतो. मालाकी ऑक्टोबरात गाडी घेईना, कारण नंबरप्लेटवर वर्ष येतं आणि ती गाडी जानेवारीत म्हातारी ठरली असती. आता १४१ने सुरू होणारा नंबर मिळाला. रविवारी त्याने चर्चच्या दारात गाडी अशी आडवी लावली, की फादरना वळसा घालून आत जावं लागलं. फर्गल म्हणाला, रंग जरा मळकट वाटतो. तेवढ्या मत्सरावर मालाकीचं आठवडाभर पोट भरेल.

मी विचारलं, मलाही चालवता येईल का. तर म्हणाला, बाई गं, ही तुझ्या लायब्ररीतली पुस्तकांची ढकलगाडी नव्हे.

ताई, या माणसाने आयुष्यात वाहन चालवण्याची परीक्षा दिलेली नाही. १९७९ साली परीक्षेची रांग एवढी लांबली, की सरकारने कंटाळून रांगेतल्या, दुसऱ्यांदा शिकाऊ परवाना घेतलेल्यांना पक्के परवाने वाटून टाकले. त्यात हा होता. मी नव्हते, कारण माझा शिकाऊ परवाना पहिलाच होता आणि कडेवर पोर होतं. तेव्हापासून हा मला समजावतो आहे, की बायकांना अंतराचा अंदाज नसतो.

ईस्टरला तुझ्याकडे येतो, असं त्याने कबूल केलं आहे. प्रकृतीला जप, आणि माझ्यावरचा लोभ निदान ईस्टरपर्यंत पुरवून ठेव.

तुझी,
डिंफ्ना

*

कॉन्व्हेंट, एनिस
२ जून २०१४

चि. सौ. डिंफ्नास,
ताईचे अ. आ. वि. वि.

ईस्टर झाला, पेंटेकॉस्टचा सणही आता आठवड्यावर आला. तुमची सेडान अजून किलारानमध्येच लोकांना दर्शन देत असावी. मी तुमच्यासाठी केक केला होता. तो सिस्टर युफेमियाने एकटीने संपवला आणि मग दोन दिवस प्रार्थनेला आली नाही.

अंतराच्या अंदाजाबद्दल लिहिलंस ते वाचलं. झांबियात मी बारा वर्षं ट्रक चालवला, बहुतेक वेळा नदीतून, आणि एकदा मागे बसलेल्या बिशपना उलट्या होत असताना. माझ्या अंदाजाची चौकशी कुणीही केली नाही. तू आणि मी एकाच नन्सच्या हाताखाली शिकलो. पाठ ताठ ठेवून बसायला त्यांनी दोघींनाही शिकवलं. फक्त तू ते शेजारच्या सीटवर वापरलंस.

गाडी चालवायला शीक. मालाकीला माझे आशीर्वाद सांग, पण घाईने सांगू नकोस. तुला उदंड आयुष्य आणि मला तुझं दर्शन लाभो.

ताई

*

किलारान
२० नोव्हेंबर २०१६

ती. ताईस,
डिंफ्नाचा सा. न. वि. वि.

अडीच वर्षांत तुला भेटले नाही याची लाज वाटते. कारणं मागशील तर एनिसचा रस्ता खणलेला आहे. तो बुजवला तर वारा असतो. वारा पडला तर टायर नवे आहेत, ते बसायला हवेत. दोन वर्षं ते टायर बसताहेत. मी इतकी वर्षं कुठेही बसले तरी कुणी माझी अशी वाट पाहिली नाही.

खरं कारण तुला सांगते, त्याला कळू देऊ नकोस. त्याला दिसत नाही. समोर बघतो तेव्हा मधोमध धूर असल्यासारखं काही असावं, कारण हल्ली तो कोंबडीसारखी मान वाकडी करून रस्ता बघतो. डाव्या सीटवर बसून मी सांगते: लाल, हिरवा, सायकल, म्हातारी, गाय. तो म्हणतो, मला दिसलंच होतं, मी तुझं लक्ष आहे का ते बघत होतो.

सत्तरी झाली म्हणून परवान्यासाठी डॉक्टरचा दाखला लागला. आमचे डॉक्टर हॅनराहान म्हणजे फुटबॉलवेडे. रॉसकॉमनचा संघ यंदा कुठे चुकला, यावर दोघांचा अर्धा तास वाद झाला. मी बाहेरून सगळं ऐकत होते. डोळा हा शब्द एकदाही आला नाही. परवाना तीन वर्षांसाठी मिळाला. घरी येताना त्याने आमचं फाटक ठोकलं आणि म्हणाला, हे फाटक कुणी हलवलं.

हिवाळ्यात गुडघे सांभाळ. लोभ कमी करू नकोस. तो मागायला यायचं तर गाडी माझ्या हातात नाही.

तुझी,
डिंफ्ना

*

एनिस
९ सप्टेंबर २०१७

चि. सौ. डिंफ्नास,
अ. आ.

आज जरा सरळच लिहिते. आमचं कॉन्व्हेंट विकलं जाणार. सहाजणी उरलो आहोत, त्यातल्या दोघींना आपण उरलो आहोत हे ठाऊक नाही. पुढच्या सप्टेंबरात आम्हाला डब्लिनच्या एका वृद्धाश्रमात हलवतील. त्या जागेचं नाव इतकं गोड आहे, की ऐकूनच भीती वाटली.

तिथे तू मला भेटायला येशीलच, ट्रेन आहे. पण तिथे भेटायच्या वेळा लावलेल्या असतील आणि चहा दुसरं कुणीतरी आणून देईल. मला तू माझ्या स्वयंपाकघरात हवी आहेस, माझ्या टेबलाशी, मी टाकलेला चहा पिताना. माझं कंबरेचं हाड आता बसमध्ये चढू देत नाही, आणि तुझ्या गावातून इकडे यायला धड बसही नाही. तेव्हा यायचं तुलाच आहे, आणि वर्षभरात.

देव तुला सुबुद्धी देवो आणि मालाकीला थोडी लाज.

ताई

*

किलारान
१८ नोव्हेंबर २०१७

ती. ताईस,
डिंफ्नाचा सा. न. वि. वि.

मालाकीचा चुलतभाऊ पॅकी वारला. बायकापोरं नव्हती, म्हणून अंत्ययात्रेत शववाहिकेच्या लगेच मागे आमची गाडी आणि आमच्या मागे सगळं गाव, दिवे लावून, रांगेने. मालाकी तीन दिवस गाडी पुसत होता. पॅकी जिवंत असताना त्याने त्याला तीन मिनिटंही दिली नसतील.

डेअरीपुढच्या चौकात शववाहिका सरळ गेली. तेवढ्यात मध्ये एक लांब, काळी, चकचकीत व्हॅन घुसली आणि उजवीकडे वळली. नेमकी मी जपमाळ शोधायला पर्समध्ये वाकले होते. मान वर केली तर आम्ही नव्या वसाहतीत शिरत होतो. मी म्हटलं, मालाकी, इथे कब्रस्तान नाही. तो म्हणाला, पॅकीचा पहिल्यापासून सगळ्यात वेगळेपणा.

व्हॅन एका घरापुढे थांबली. ती गाद्या पोचवणाऱ्यांची होती. सपाता घातलेला एक तरुण गादी उतरवून घ्यायला बाहेर आला, आणि समोर काळ्या कपड्यांतलं अख्खं किलारान. मी दार उघडायच्या आत मालाकी खाली उतरला होता. टोपी काढून त्याने त्या मुलाचा हात धरला आणि म्हणाला, फार वाईट झालं. मुलगा चांगल्या घरातला. म्हणाला, आभारी आहे. मागून फर्गल आला, त्यानेही हात मिळवला. फर्गलची बायको तर आत जाऊन मुलाच्या बायकोला मिठी मारून आली. ताई, आपल्या लोकांना हात पुढे दिसला की तो हातात घेतल्याशिवाय राहवत नाही. निम्मी रांग संपली तेव्हा कुणीतरी विचारलं, की पेटी कुठे आहे.

आम्ही कब्रस्तानात पोचलो तर पॅकीवर माती पडली होती. फादर आणि खड्डा खणणारे, एवढेच त्याच्याजवळ होते.

घरी येताना मालाकी म्हणाला, हे तुझ्यामुळे झालं, पर्समध्ये काय बघत होतीस. तो एवढंच बोलला, आणि मग गाडी फाटकाबाहेरच ठेवून पायी आत गेला.

या पत्रावर हस. मला अजून जमत नाही.

डिंफ्ना

*

एनिस
२५ नोव्हेंबर २०१७

चि. डिंफ्नास,
आशीर्वाद.

हसले. इतकी, की सिस्टर युफेमियाने मला पाणी आणून दिलं. मग पत्र पुन्हा वाचलं आणि हसू गेलं.

पॅकीचं काही बिघडलं नाही. तो आधीच मेला होता. पुढच्या वेळी तू पर्समध्ये बघशील तेव्हा पुढे व्हॅन नसेल, शाळेतून येणारं पोर असेल. वर्षभर तू लाल-हिरवा ओरडून त्याला रस्त्यावर ठेवलंस. तू त्याची बायको नाहीस, त्याचा चष्मा आहेस. आणि रागावणं तुला इतकं छान जमतं, की त्यानंतर काही करावं लागत नाही.

हे मी रागाने लिहिलेलं नाही. मी रागाने लिहिते तेव्हा अक्षर चांगलं येतं.

ताई

*

किलारान
१३ मे २०१८

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी चुलीत टाकलं. मग कोट घातला आणि मालाकीला बसने गॉलवेला डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाईंना फुटबॉलमध्ये काडीचा रस नाही. त्यांनी सांगितलं, नजरेचा मधला भाग गेलेला आहे, परत येणार नाही, गाडी आजपासून बंद. परतीच्या बसमध्ये तो म्हणाला, एवढी शिकलेली बाई आणि पडदे काय घाणेरडे. मी म्हटलं, पडदे दिसले वाटतं.

मी शिकते आहे. लेखी परीक्षा झाली. शिकवायला निव नावाची मुलगी येते. मला काकू म्हणते आणि मी चौकात थांबले की उगाच कौतुक करते. तिच्याशिवायच्या दिवशी पक्क्या परवान्याचा माणूस शेजारी लागतो, म्हणून डाव्या सीटवर फर्गल आणि मागे मालाकी. एक म्हणतो वेग वाढव, दुसरा म्हणतो क्लचची चिरफाड चालली आहे. ज्याला रस्ता दिसत नाही त्याची सूचना जास्त बारीक असते.

गाडीच्या मागे शिकाऊची लाल L लावलेली आहे. मिस्सेच्या आधी ती कुणीतरी हळूच काढून ठेवतं. मी तीनदा लावली. चौथ्यांदा मालाकीला म्हटलं, पुन्हा काढलीस तर तुझ्या कोटाच्या पाठीवर चिकटवीन.

परीक्षा ऑगस्टात आहे. तुझ्या कॉन्व्हेंटमधल्या सिस्टरना सांग, एखादी जपमाळ माझ्यासाठी. माझ्यावर रागावलीस तशीच लोभही कर.

डिंफ्ना

*

किलारान
२२ ऑगस्ट २०१८

ती. ताईस,
डिंफ्नाचा सा. न. वि. वि.

पास झाले. परीक्षक तरुण होता, त्याला मी घाबरत नाही हे बघून तोच जरा घाबरला. उलट्या दिशेने गाडी वळवताना त्याने दाराचं हँडल धरलं होतं, तिकडे मी दुर्लक्ष केलं.

बाहेर दोघे भाऊ उभे होते. फर्गलने माझं अभिनंदन केलं. मालाकी म्हणाला, हल्ली परीक्षा फार सोपी झाली आहे. मी त्याला फक्त विचारलं, कशाच्या मानाने. फर्गलला खोकला आला आणि तो आपल्या गाडीकडे गेला.

मग मी मालाकीसाठी डावं दार उघडून धरलं. तो मागच्या सीटवर जाऊन बसला. गावात त्याने आधीच सांगून ठेवलं आहे, की वयोमानाने आता ड्रायव्हर ठेवला. ठेवू दे. निदान या घरातल्या एका ड्रायव्हरने परीक्षा दिलेली आहे.

किलारानमध्ये शिरलो तेव्हा त्याने टाय सारखा केला आणि जरा खालच्या आवाजात मला विचारलं, लोक बघताहेत का आपल्याकडे. इतक्या वर्षांत त्याने मला रस्त्याबद्दल विचारलेला हा पहिला प्रश्न. रस्त्यावर एक कुत्रं होतं, तेही झोपलेलं. मी म्हटलं, अख्खं गाव दारात उभं आहे, मालाकी. त्याने खिडकीची काच खाली केली आणि डेअरीपासून चर्चपर्यंत दोन्ही बाजूंना हात हलवत आला.

शनिवारी सकाळी निघते, एकटी. जेवायच्या आधी तुझ्या स्वयंपाकघरात असेन. मालाकीचं जेवण फर्गलकडे सांगितलं आहे. चहाचं आधण मी फाटकात शिरल्यावर ठेव, आणि मी पोचेपर्यंत लोभ ऊन राहू दे.

तुझी,
डिंफ्ना