तांबं दगा देत नाही

१५-११-७६, सोम.

कारंज्याहून आत्ताच आलो. सु. थकून निजली. डॉ. बाईंनी नळी लावून तिची छाती बराच वेळ ऐकली, मग मला आत बोलावलं. त्या बोलल्या ते जसंच्या तसं लिहून ठेवतो. उद्या मला ते माझ्या सोयीनं आठवायला नको.

"मिस्त्री, हिच्या काळजाची एक झडप नीट उघडत नाही. धाकटीच्या बाळंतपणात वाचली, तेच नवल. पुन्हा दिवस गेले तर हिला वाचवता येईलच असं मी सांगू शकत नाही."

झडपेचं मला समजावून सांगावं लागत नाही. विहिरीतल्या मोटारी काढण्यातच जन्म गेला.

पाच लेकरं झाली, पुरे, हे मी आपणहून म्हटलं. मग उपाय. गोळ्या हिच्या काळजाला चालणार नाहीत. बाईचं ऑपरेशन नको, भूल सोसणार नाही. राहिली तांबी, नाहीतर माझं ऑपरेशन. "तुमचं सगळ्यात सोपं," बाई म्हणाल्या. "जागा बधिर करायची, संध्याकाळी घरी."

मी म्हटलं, तांबी दाखवा.

हातात दिली नाही, पिशवीतूनच दाखवली. प्लास्टिकची टी, दांडीवर तांब्याची तार. तार केसासारखी, पण वेढ्याला वेढा लागून, एकही दुसऱ्यावर चढलेला नाही. असं काम मी लांबून ओळखतो. चौथीतून शाळा सुटली. मोटारीत तांब्याची तार भरायला मला कोणी शिकवलं नाही. जळालेल्या मोटारी उकलून उकलून शिकलो, इंग्रजी अक्षरंही मोटारींवरच्या पाट्या वाचून. तांबं दगा देत नाही. दगा देतो तो भरणाऱ्याचा हात.

बाईंनी विचारलं, पाळीला अंगावरून जास्त जातं का? सु. नं माझ्याकडं पाहिलं. मी म्हटलं, नाही.

१७-११, बुध.

शाळेचे मास्तर दुकानात आले. त्यांना वरून नसबंदीच्या केसेस आणायला सांगितलंय, नाहीतर पगार अडकतो. "मिस्त्री, तुमी तं शहाने मानूस. तुमी गेले तं चार जन मांगं येतीन."

म्हटलं, "मास्तर, मी मानूस हाये ना? मंग केस काहून म्हनता?"

काल नसबंदीची जीप आली तेव्हा अर्धं गाव तुरीत शिरलं. मी दाराशी उभा राहिलो. पळणार नाही आणि जाणारही नाही. लोक म्हणतात त्यानंतर वजन उचलायची ताकद जाते. मी मानत नाही. पण मोटार विहिरीतून वर ओढायची ती मलाच, आणि

असो. तांबी ठरली.

२२-११, सोम.

तांबी बसवली. सु. बाहेर आली तेव्हा ओठ पांढरे. एसटीत तिला खिडकीची जागा मिळवून दिली. इंझोरी आली तेव्हा विचारलं, दुखलं का? म्हणाली, "तुमचं तांबं हाये, दुखन कसं?" टोमणा असावा. मी हसलो.

९-१२, गुरु.

पाळी आली आणि थांबत नाही. आईच्या रीतीप्रमाणे सु. सपरीत. मागच्या भिंतीला टेकवलेली ती उतरत्या टिनांची सपरी. खाली तरट, एक गोधडी, वेगळा गिलास. थोरली शोभा ताट दुरून सरकवते. तिचे ते दिवस आले की घरातली पोरंही तिकडं जात नाहीत. मी तर नाहीच.

डॉ. बाई म्हणाल्या होत्या, सुरुवातीला होतं असं. नवं बेअरिंगही आधी घासतं, मग बसतं.

२-१-७७, रवि.

बसत नाही. मध्ये चार दिवस घरात आली, पुन्हा सपरीत. अंगणातून विहिरीपर्यंत जाते तर बाभळीखाली थांबते, छातीवर हात ठेवते. नखं पाहिली, पिठासारखी.

आई रोज सुरू. "बाप्पा, किती दिस हे? हे सपरीतच राह्यली तं चूल कोन पेटवन? मी, का शोभा शाळा सोडन?"

सु. नं आज सपरीच्या तोंडाशी येऊन सांगितलं, "काढून टाकू का जी हे? नाई सोसत मले."

म्हटलं, काढली तर मग काय?

म्हणाली, "बाईनं तुमचंबी सांगतलं होतं."

मी म्हटलं, "माहं नाव काढू नोको. बाहेर जीप फिरून राह्यली, लोकं म्हनतीन मिस्त्रीले बी धरलं." पुढं म्हटलं, सवय होईल, थोडी कळ काढ. तिनं गोधडी ओढून घेतली. एवढंच.

२०-१, गुरु.

वाशीमला एकाची मोटार पोचवून परत आलो. शोभाला घेऊन सु. गावातल्या नर्सबाईकडं जाऊन आली, रक्ताच्या गोळ्या आणल्या. चेहरा आज हलका दिसला. अजून जातंय म्हणाली. सपरीतच.

१३-२, रवि.

गोळ्यांचा गुण येतोय. नखांवर रंग आहे. काल सपरीत बसून शोभाची वेणी घालत होती, पोरगी शिवली म्हणून आईनं दोघींना बोलून घेतलं. सु. हसली! कितीतरी दिवसांनी.

पण अंगावर जाणं थांबलं नाही म्हणते. दोरीवर फडकी दिसत नाहीत. आत कुठंतरी वाळवत असेल. रंग सुधारला आणि रक्त जातंच, हे गणित मला लागत नाही. मोटार गरमही होत नाही आणि फ्यूजही उडतो, असं कधी पाहिलं नाही.

६-३, रवि.

आज एक काम केलं, ते लिहून ठेवण्यासारखं आहे.

सकाळी सपरीत गेलो. सगळ्यांदेखत. तरट उचललं, गोधडी उचलली, घरात आणून टाकली. आईला सांगितलं, "आजपासून माह्या घरात कोनी बाहेर बसनार नाई. शोभाबी नाई. सारी थंडी जमिनीवर निजून तिच्या काळजाचं काय होते, कोनाले माहीत हाये?"

आई म्हणाली, "देव बाटन."

म्हटलं, "देवाले मी समजावतो."

गल्लीतल्या बाया दाराशी जमल्या. एक म्हणाली, मिस्त्री लयच सुधारला बाप्पा. बरं वाटलं, खोटं कशाला. इथं हे आजवर कोणी केलं नाही.

सु. मात्र चुलीपुढं पाठमोरी. वाटलं होतं आनंदेल. फक्त म्हणाली, "तुमाले कोनं सांगतलं होतं?"

२४-३, गुरु.

दिल्लीत सरकार बदललं. जीप येत नाही, मास्तर नजर चुकवून जातात. तुरी केव्हाच निघाल्या, लपायला जागा उरली नाही तेव्हाच लपायची गरज संपली.

सु. चं थांबलं. मी विचारलं तर म्हणाली, "हाव, थांबलं." तांबं बसलं एकदाचं. संसार पुन्हा ठिकाणावर आला.

१७-४, रवि.

धाकटीला कुशीत घेऊनच निजते. म्हटलं, पोरगी मोठी झाली, आजीजवळ जाऊ दे. "रडते ते." नाही रडत. काल मी स्वतः नेऊन निजवलं. आतून आवाज नाही, सु. मात्र जागीच. म्हणाली, "ऱ्हाऊ द्या ना जी." मी म्हटलं, आता कसली भीती, तांबी आहे ना.

२२-५, रवि.

अंगणात कुरडयांचा चीक शिजत होता. सु. ढवळता ढवळता उठली, गोठ्याच्या भिंतीआड गेली. ओकारीचा आवाज. आई थांबली, माझ्याकडं पाहिलं. मग शोभाला म्हणाली, "लोटा आन पान्याचा," आणि उचटणं स्वतः हाती घेतलं.

मी कपडे घालायला लागलो. आत्ताच्या आत्ता कारंज्याला जातो म्हटलं, त्या बाईला विचारतो, कसली तांबी बसवली?

सु. नं दारात हात आडवा धरला. "बाईले काई म्हनू नोका. तांबी नाई हाये."

नाही म्हणजे?

"तुमी वाशीमले गेलते तवा काढली. नर्सबाईनं काढली. ते म्हने, मालकाले सांगा, दुसरं काई पाहा."

मंग सांगतलं काहून नाई?

"सांगून तुमी काय केलं असतं? तुमी तं नाई म्हनून बसले होते."

मग खाली पाहत: "मी सपरीत बसत जाय. इटाळ म्हनून तुमी येत नव्हते. मले तेवढीच जागा होती. ते बी तुमी मोडली."

२३-५, सोम.

दुकान उघडलं नाही.

रक्त थांबलं होतं. तरी ती त्या तरटावर. थंडीत. वेगळा गिलास. आईची बोलणी खात. आणि मी गोधडी उचलून आणली, बाया पाहत होत्या, आणि मला

फडकी वाळत नव्हती. माझ्या डोळ्यांदेखत नव्हती.

आई आज तिला कामाला हात लावू देत नाही. भिंतीकडं तोंड करून मला म्हणाली, "जाऊन पाह्य काई. नुसता बसून नोको राहू."

२६-५, गुरु.

कारंजा. डॉ. बाई रागावल्या नाहीत. रागावायला हव्या होत्या.

म्हणाल्या, ठेवलं तर धोका मोठा. काढलं तर तोही धोका आहे, पण लवकर असेल तर कमी. इथं होणार नाही, अकोल्याच्या मोठ्या दवाखान्यात न्या, काळजाचा डॉक्टर हजर लागेल. कायद्यानं करता येतं. "आणि मिस्त्री, सही तिची लागते. तुमची नाही."

मग तेच विचारलं: पाळीला अंगावरून जास्त जायचं का, तांबीच्या आधीपासून?

सु. नं माझ्याकडं पाहिलं. मी खिडकीतून बाहेर पाहिलं.

"हाव," ती म्हणाली. "लगनापासून."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "मग मी तांबी बसवलीच नसती." आमच्या दोघांकडं पाहून म्हणाल्या नाहीत, टेबलाकडं पाहून म्हणाल्या. माझ्यानं बसवेना.

परतीच्या एसटीत सु. ला म्हटलं, तुझ्या मनात काय आहे ते सांग. बरीच गावं गेली. मग म्हणाली, "धाकटी अजून माह्या हातानंच जेवते." काय समजायचं ते समजलो. तरी विचारलं, म्हणजे अकोल्याला जायचं? "हाव ना. आनखी कसं सांगू?"

३०-५, सोम.

माझं ऑपरेशन करा म्हणून कारंज्याला गेलो. कंपाउंडर हसायलाच लागला. "हंगाम सरल्यावर पेरनीले आले का मिस्त्री? तवा जीप दारी येत होती."

आता कोणी हात लावायला तयार नाही. सगळे घाबरलेत, उद्या माणूस म्हणेल जबरदस्ती केली. माझ्या हातानं लिहून द्यायला लावलं की कोणी धरून आणलं नाही, स्वखुशीनं आलो. लिहिलं. स्वखुशी शब्दाला हात थांबला.

झालं. बाई म्हणाल्या होत्या तेवढंच. सोपं. मुंगी चावल्यासारखं, मग बधिर. एवढ्यासाठी मी

पुढचे तीन महिने भरवसा नाही म्हणाले, निरोध वापरा, मग तपासून घ्या. मान हलवली. कोणासाठी ते त्यांनी विचारलं नाही.

१-६, बुध.

उद्या अकोला. सकाळी सपरी झाडून घेतली. वाकताना टाके ओढतात. टिनाला भोक होतं तिथं डांबर लावलं. खाट आत नेता येत नव्हती, चौकटीतून तिरपी करून नेली. मीच. शोभानं मागची बाजू धरली. खाटेवर गादी, चादर, उशाशी घरातलाच गिलास.

आई पाहत होती. "तूच मोडलं, तूच मांडून राह्यला. काय म्हनाव तुले?"

म्हटलं, "इटाळाची नाई हे. तिची हाये. तिनं बलावल्याबगर कोनी जायचं नाई. मी बी नाई."

सु. नं दारातून पाहिलं. मग गेली, आणि खाटेचा पाय भिंतीपासून थोडा अलीकडं सरकवून घेतला.

२-६, गुरु. अकोला.

व्हरांड्यातल्या बाकावर बसून लिहितोय. काळजाचे डॉक्टर तरुण आहेत. मी झडपेबद्दल विचारायला लागलो, मग थांबलो. त्यांनी सगळं सु. ला सांगितलं, तिच्याशी बोलून. वाचणार का, हे मीही विचारलं नाही, तिनंही नाही. तिनं सही केली. शोभानं शिकवलेली, अक्षरं सुटी सुटी, पण एकही खाली घसरलेलं नाही.

आत नेताना दाराशी वळली.

"वापस आली तं सपरीतच राहीन मी."

म्हटलं, राहा.

"तुमी यायचं नाई."

नाई येत.

आणखी काही म्हणायचं होतं तिला. नर्स घाई करत होती. दार लागलं.

आईनं भाकरी बांधून दिली आहे, सोडली नाही. सु. च्या बांगड्या माझ्या खिशात, काढायला लावल्या. हात खिशात गेला की वाजतात, म्हणून हात बाहेर ठेवला आहे.

दार उघडलं. नर्स बाहेर आली. सुभद्राचं कोण आहे, म्हणून विचारते आहे. उठतो.