ट्रॅक्टर जागेवर नाही म्हणून

बाबा,
घाबरू नका, ट्रॅक्टर चोरीला गेलेला नाही. मी आत्याच्या शेतावर नेलाय, चालवत!

मी फिल्टर बदलल्यापासून इंजिन सुरू होईना, तेव्हापासून मला घास गोड लागत नव्हता. तुम्ही भंगारवाल्याला बोलावलंत, पण मला एका शब्दानं बोलला नाहीत. तेच जास्त लागलं.

आज पाहिलं, तर फिल्टरपर्यंत डिझेल झकास येत होतं, पंपाच्या पुढे मात्र थेंब नाही. डिझेल तोडून इंजिन बंद करायची मूठ ओढलेलीच होती आणि तिला तुमची पान्यांची पिशवी लटकत होती. माझं काम तपासायला आलात, तेव्हा अडकवलेली!

भंगारवाल्याला चहा पाजून वाटेला लावा. पिशवी खुंटीवर आहे. आईला अजून काही सांगितलेलं नाही.

तुमची मेकॅनिक