मागची सीट

घुग्घुस, १५ एप्रिल

नाई, तू बोलूच नको आता. फोनवर बोलली की तू रडतं, आणि मग मलेच वाईट वाटते. म्हनून तुझा नंबर ब्लॉक केला आणि हे पत्र लिहून राह्यली. पत्रात मधात बोलता येत नाई.

चि. मयुरीस (मी दीड महिन्यानं मोठी हाय, आणि आज ते दाखवायचंच हाय),

सप्रेम जयभीम, वि. वि.

काल जयंतीच्या मिरवणुकीतून घरी आलो. आई पंख्याखाली टेकली, आणि बाबानं पाणी पिता पिता सांगतलं, की कंपनीच्या उन्हाळी ट्रेनिंगसाठी तुझं नाव देऊन टाकलं. तुझं! पाणी पिता पिता!

सरकारी कंपनीत इंटर्नशिप कशी भेटते हे शोधता शोधता मागच्या वर्षी माझं अख्खं सेमिस्टर गेलं. साइट उघडली तर लिंक बंद. ऑफिसात फोन लावला तर म्हनत, कॉलेजचं पत्र आणा. कॉलेजात गेली तर सर म्हनत, ग्रुपवर टाकलं ना. शेवटी समजलं, की आपल्या खाणीच्या वर्कशॉपातच पोरं घेतात, पण कर्मचाऱ्याची शिफारस लागते, आणि एका कर्मचाऱ्याले एकाचीच करता येते. हे मी पहिले कोणाले सांगतलं? तुले. एवढी माझी अक्कल.

आणि ऑक्टोबरात आपण सगळे चंद्रपूरले दीक्षाभूमीवर जमलो, तवा पुस्तकाच्या स्टॉलसमोर आत्यानं, तुझ्या आईनं, ती शिफारस तुझ्यासाठी मागून घेतली म्हने. मी त्याच वेळी तुझ्यासाठी पुस्तक निवडून राह्यली होती.

बाबा त्या खाणीत डंपर चालवते. जन्मापासून ती खाण मी तारेच्या या बाजूनच पाह्यली. तिची धूळ आमच्या ताटात, पण आत माझं पाऊल एकदा नाई. मले एवढंच वाटे, की एकदा पहिल्या शिफ्टले, बाबाच्या गाडीवर मागं बसून, त्या गेटातून आत जाईन. आता तू जाशीन.

आत्याले सांग, मी रागावली नाई. तुले खरं माहीत हाय. लोभ तूर्तास बंद ठेवला हाय, कळावे.

नंदिनी

---

अहेरी, २२ एप्रिल

ती. नंदिनीताईस (दीड महिन्याच्या ताईस),

सप्रेम जयभीम. ब्लॉक करून पत्र धाडणारी घुग्घुसात तू एकटीच असशीन. पोस्टमनले वाटलं नोकरीचा कॉल आला. त्यानं रस्त्यावरूनच आवाज देला, अर्धा मोहल्ला जमला. सगळ्यायनं वाचून दाखवायले लावलं. मी वाचलं, की ताई लय खुश हाय.

आईनं मागतलं हे मले खरंच माहीत नव्हतं. पण माहीत असतं तर मी नाई म्हनली असती का? नसती म्हनली. आमचे बाबा जंगलात रोजंदारीवर. मोसम हाय तवर काम हाय. मी गडचिरोलीले पॉलिटेक्निकात शिकते, तू चंद्रपूरले, दोघी मेकॅनिकलच. पण मी शिफारस कोणाची आणू? अस्वलाची?

तरी मी मामाले फोन करून विचारलं, काऊन असं केलं. मामा म्हनले, पोटच्या पोरीचं नाव पुढं करणं म्हंजे वशिला. आयुष्यभर युनियनमधी त्याच्याच विरोधात बोललो, आता घरातच कसं करू? भाचीले हात देणं ही मदत होय. आणि नंदिनी त आपल्या हिमतीवर कुठीबी लागते.

हे ऐकून मले तुझा राग आला, ताई. माझ्या वाट्याले मदत, आणि तुझ्यावर भरवसा. लहानपणी सुटीत यायची तवापासून पाहून राह्यली, मामा शिफ्टवरून आले की दारातून आधी तुझं नाव घेत. जळणं काय तुलेच येते?

मी ४ मेले येऊन राह्यली. लोभ नसला तरी चालीन, कूलरमधी पाणी भरून ठेव.

मयुरी

---

अहेरी, १० मे

चि. मयुरीस,

सप्रेम जयभीम. वरचं गाव पुन्हा वाच. हो, अहेरीच. तुझ्याच घरून लिहून राह्यली.

तू यायच्या आदल्या दिवशी मी मुद्दाम निघाली. एसटीच्या वर्कशॉपात इंटर्नशिपसाठी जानेवारीत अर्ज टाकला होता. चंद्रपूरले जागा नव्हती, अहेरीच्या डेपोत होती. इथी अर्ज एकच आला होता, माझा. साहेब मले पाहून म्हनले, पोरी, चुकून त नाई आली?

पण आता मले गिअरबॉक्स देला हाय, टेबलावर, एकटीले. अर्धा उघडला. कोपरापर्यंत काळी होते आणि तशीच घरी येते. तुझ्या खाटेवर झोपते. आत्या सुक्या मच्छीचा रस्सा करते आणि म्हनते, मयुरी त नाक मुरडते. मी वाटी चाटून दाखवते. काल तिनं चुकून मले मयुरी म्हनून हाक मारली. मी ओ देली.

आता एकच विचारते. बाबा तुले गाडीवर नेते का? हेल्मेट माझं घालतं का? ते माझ्या मापाचं हाय, तुले ढिलं होईन. याचं उत्तर आधी लिही, बाकी ख्यालीखुशाली मागून. लोभ इथी आत्याचा भरपूर भेटते, तुझा धाडायची गरज नाई.

नंदिनी

---

घुग्घुस, १५ मे

ती. नंदिनीताईस,

सप्रेम जयभीम. हो, नेलं. हेल्मेट तुझंच, आणि ढिलंच. पण गेटापर्यंतच नेलं, आत नाई.

आज कागद तपासायले बोलावलं होतं. ट्रेनिंगच्या बाईनं सांगतलं, की शिफारस फक्त सोताच्या मुलाची नाई त मुलीची करता येते, भाची चालत नाई. नियम म्हने आधीपासून हाच. मामा म्हनले, पण पोटच्या पोरीचं नाव देणं वशिला नाई का होत? बाईनं पेन खाली ठेवला. म्हनली, काका, ही सोय तुमच्या पोरायसाठीच ठेवली हाय, यात वशिला कायचा? मामा बाहेर येऊन गाडीले किक मारत राह्यले. गाडी चालू झाली तरी मारत राह्यले.

सोमवारपर्यंत नाव बदलता येते. मामानं मले बजावलं, की नंदिनीले लिहू नको, ती आपल्या हिमतीवर लागली, तिले मी कोणत्या तोंडानं बोलावू. म्हनूनच लिहून राह्यली. आईच्या फोनवर हे बोलवत नाई, आणि पोस्टानं वेळेवर पोहचणार नाई, म्हनून अहेरीच्या गाडीच्या कंडक्टरजवळ देते.

तू ये, ताई. जागा तुझीच होती. मी खुशीनं नाई सांगत, जळतच सांगून राह्यली. गेट इतकं जवळ होतं, की आतला भोंगा छातीत वाजला. घरी आल्यावर गाडीवरून उतरली, पण हेल्मेट लवकर काढलं नाई.

लोभ असन तसा राहू दे.

मयुरी

---

अहेरी बसस्टँड, १७ मे

मयुरी,

उभ्यानं लिहून राह्यली, गाडी लागली हाय. जयभीम.

आत्यानं तुले फोनवर एवढंच सांगतलं असन, की कपडे भर आणि ये. मले सोडायले तीच आली हाय, तू पोहचली की ती ही चिठ्ठी तुझ्या हातात देईन. डेपोच्या साहेबाले मी बोलली. कॉलेजचं नवीन पत्र लागन, बाकी दुसरा अर्ज नाईच, म्हनून हो म्हनले. ही मदत नाई. जागा रिकामी हाय आणि तुले काम येते.

बाबाले मीच फोन केला. म्हनली, सोमवारी त्या बाईसमोर तोंडानं सांगा, की ही माझी मुलगी हाय आणि हिचं नाव घ्या. मी बाजूले उभी राहून ऐकीन. बाबा हो म्हनले, आणि मग फोन ठेवायचाच विसरले. गाडी पुसून राह्यले होते, फडक्याचा आवाज येत होता. मागची सीट पुसत असतीन. तू बसली होती ना तिच्यावर.

आपल्या गाड्या वाटेत समोरासमोर येतीन. मी खिडकीजवळ बसणार नाई. तू हात हलवशीन, आणि माझा राग मोडन.

आता ऐक. खाट तुझी तुले. रस्सा चाटूनपुसून खा, नाई त आत्या माझं नाव घेईन. आणि टेबलावरचा गिअरबॉक्स मी अर्धा उघडला हाय. उरलेला उघडू नको. डेपोत गाड्या कमी नाई, दुसरं कायबी उघड. तो माझा हाय, मीच येऊन उघडीन.

कंडक्टरनं घंटी देली. नंबर अजून ब्लॉकच हाय. निघाली.

नंदिनी