दादाला दिलेल्या सुट्या कॅप्सुली

४ सप्टें.
दादा माझ्या मेडिकल दुकानात आला. बोटीवर जाळं झाडताना शिंगाळा माशाचा काटा उजव्या हाताच्या बोटात घुसलाय. घरातली जुनी अँटिबायोटिकची कॅप्सूल फोडून पावडर जखमेवर चोळून आलेला. बंदरावर सगळे हेच करतात. म्हटलं, "अरे, ती गिळायची असते. रक्तातून पोचते जखमेत." हसला. "दे मग दोन-चार." पट्टी कापून सहा दिल्या. डॉक्टरची चिठ्ठी आण म्हणायला हवं होतं. पण गिऱ्हाइकांना वीस वर्षं सुट्याच देत आले, भावाशी कुठे डोकं लावू.

७ सप्टें.
सूज उतरली म्हणे. चार घेतल्या, दोन खलाशाला दिल्या. त्याचा घसा धरलाय. घसा! भांडले. पण दिल्या कोणी... जाऊ दे.

११ सप्टें.
हात मनगटापर्यंत सुजला, ताप. डॉक्टरकडे ने म्हटलं तर वहिनी म्हणते, "तूच त डाक्टर हाय आमची." हे ऐकायला बरं वाटतं, हीच माझी खोड. जास्त ताकदीच्या दिल्या, पूर्ण कोर्स.

१५ सप्टें.
नेमाने घेतल्या, फरक शून्य. अलिबागला ॲडमिट. पू तपासायला गेलाय. बशीत जंतू वाढवून वर वेगवेगळ्या औषधांच्या टिकल्या ठेवतात. औषध लागू असलं तर टिकलीभोवती जंतू मरून स्वच्छ कडं उमटतं. कॉलेजात जर्नलमध्ये रंगवलं होतं मी, हौसेने.

१८ सप्टें.
रिपोर्ट आला. माझ्या दुकानातल्या एकाही गोळीभोवती कडं नाही. शिरेतून द्यायचं एकच लागू. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तुम्ही फार्मसी केलीय ना?" एवढंच. पाठ आहे मला सगळं. ही औषधं जंतूला भिंत बांधू देत नाहीत, म्हणून तो फुटतो. पण पुरेसं पोचायला हवं, पुरेसे दिवस. नाहीतर लेचेपेचे मरतात, चिवट उरतात, तेच वाढतात. लिहून मार्क मिळवले. मग दुकान घातलं आणि वीस वर्षं चिवट तेवढे पोसले, स्वतःच्या गावात. लाज वाटते.

२० सप्टें.
ताप उतरला, बोट काळं पडलंय. काढायचं का, कुठपर्यंत, ते परवा ठरेल. डबा घेऊन गेले तर दादा शेजारच्या खाटेवरच्या माणसाला सांगत होता, "माजे भयनीचा मेडिकल हाय. काय झाला त तिचेकडं जायाचा, चिठ्ठी नको न काय नको." त्या माणसाने पत्ता विचारला. मी खाली मान घालून भात कालवत राहिले. दादानेच सांगितला, वळणासकट.