दारावरचा माणूस

रविवार, १ सप्टेंबर
आजपासून ममतेने आणि सौम्यतेने वागायचं. पाळकसाहेबांचा उपदेश त्यावरच होता आणि बोलताना ते सारखे माझ्याकडे बघत होते. कौतुकानेच असणार. चर्चच्या दारावर उभं राहून येणाऱ्या-जाणाऱ्याशी हात मिळवायला माणूस हवाय. हा महिना ट्रायल म्हणून मी. जमलं तर कायमचा. माझं हसू या कामासाठीच घडवलेलं आहे, हे मला लहानपणापासून माहीत आहे. हिला सांगितलं. ही म्हणाली, आधी माझ्या पप्पांकडे बघून हसा.

सोमवार, २ सप्टेंबर. सकाळी
बेसिनवर माझ्या ग्लासात सासऱ्यांची कवळी. ग्लास सौम्यतेने चिमटीत धरून कचऱ्याच्या डब्यात टाकला. कवळी काढायची राहिली.

संध्याकाळी
कवळी मीच शोधायची असं ठरलं. हिने ठरवलं. डब्यात काय काय होतं ते इथे लिहिणार नाही. सासरे म्हणाले, राहू द्या हो जावईबापू, उकळून घेतो. माझ्या चहाच्या भांड्यात उकळली.

गुरुवार, ५ सप्टेंबर
ऑफिसात शेजारच्या टेबलावरचा जेवताना बोटं चाटतो आणि त्याच बोटांनी माझा कीबोर्ड वापरतो. आज ममतेने टिश्यूचं पाकीट त्याच्यापुढे ठेवलं. त्याने नाक शिंकरलं आणि उरलेलं पाकीट परत केलं. लोकांना ममता पेलत नाही.

रविवार, ८ सप्टेंबर
दारावर पहिला दिवस. माणसांचे हात इतके ओले का असतात? क्वायरमध्ये गाणारी काकू तळहातावर खोकली आणि तोच हात मला दिला. एका पोराचा हात चिकट होता, कशाने ते त्याच्या आईलाही सांगता येईना. शी. पण तयारीनिशी गेलो होतो. खिशात सॅनिटायझर. प्रत्येक हातानंतर हात पाठीमागे नेऊन चोळायचा. आत बसलेल्यांच्या पाठी दाराकडे असतात, हे आधीच हेरून ठेवलं होतं. कुणाच्या बापाला कळलं नाही.

रविवार, १५ सप्टेंबर. दुपारी
लोकांमध्ये फरक पडलाय. कुणी लांबूनच हात जोडले, कुणी नुसतं हसले. खोकणारी काकू डोळे पुसत म्हणाली, धीर सोडू नका, भाऊ. माझी सौम्यता बघून भरून आलं असणार. फक्त एक कळलं नाही. पाळकसाहेबांनी प्रार्थनेत माझं नाव आजाऱ्यांमध्ये का घेतलं?

संध्याकाळी
कळलं. क्वायर समोर बसतो, दाराकडे तोंड करून. त्या सगळ्यांनी सगळं बघितलं. आणि मला त्यांची किळस येते, हे एकालाही सुचलं नाही. मोठा आजार असेल, डॉक्टरांनी इन्फेक्शन टाळायला सांगितलं असेल, तरी बिचारा दारावर उभा राहतो, असं त्यांनी आपसात ठरवलं. काकू सूप घेऊन आली, तिच्याच बोलण्यातून हे कळलं. चमच्याने चव घेतली आणि तोच चमचा भांड्यात घालून मला दिलं. हिच्या नजरेसमोर प्यावं लागलं. काकू गेल्यावर हिला म्हटलं, खरं काय ते सांगून टाकतो. ही म्हणाली, नको, आजारच राहू द्या. खरं कळलं तर त्यांना फार लागेल.

रविवार, २२ सप्टेंबर
तब्येतीला जपा, म्हणून पाळकसाहेबांनी मला दारावरून मोकळं केलं. माझ्या जागी सासरे. कायमचे. नाक पुसायचे आणि त्याच हाताने लोकांचे हात धरायचे. एकेकाची इतकी विचारपूस की रांग हलेना. कुणी कुरकुरलं नाही. मला मात्र सगळ्यांनी लांबूनच नमस्कार केला, काळजीने. कुणी हात लावला नाही. हेच तर हवं होतं, तरी फार वाईट वाटलं. मला काही झालेलं नाही आणि मला कशाची किळस येते, हे हिच्याखेरीज एकट्या सासऱ्यांना माहीत. त्यांनी हात पुढे केला. ओला, गरम. मी धरला आणि लगेच सोडवेना.
हा हात आज धुवायचा नाही, असं ठरवलंय.

दुपारी
धुतला.