चुन्याची फुली

बाबा, "नवी काच दिसत नाही गो, म्हणूनच फुटते," असं तुम्ही मला म्हणाला होतात. गिरगावातल्या कुणाच्या तरी घरी तुम्ही खिडकीला काच बसवत होतात आणि शाळेला सुट्टी म्हणून मी शेजारी बसून खडूची भुकटी आणि अळशीचं तेल मळून काच पक्की बसवायची लांबी करत होते. तुम्ही ती चौकटीच्या कडेनं अंगठ्यानं दाबत नेलीत, मग चुन्यात बोट बुडवून काचेवर मोठी फुली काढलीत. घरातल्या बाई म्हणाल्या, "अहो मिस्त्री, आमचं घर नापास केलंत की काय?" तुम्ही हसलात. "लांबी सुकली की पुसा. तोवर हात लावू नका."

परवा एका भाषांतरात ग्लेझ हे इंग्रजी क्रियापद आलं. अर्थ, काच बसवणे. मूळ शोधायला फार लांब जावं लागलं नाही. जुन्या इंग्रजीत काचेला जो शब्द होता, त्याचंच पुढे क्रियापद झालं. म्हणजे तुमच्या कामाला त्यांनी नुसतं काचेचं नाव दिलं. लांबी नाही, अंगठा नाही. खाली आणखी एक अर्थ होता, डोळ्यांचा. नजर थिजून काचेसारखी होणे. तिथे मी शब्दकोश मिटला. हॉस्पिटलात तुमच्याजवळ बसले होते तेव्हा हे मी पाहिलं होतं, त्याला शब्द आहे हे माहीत नव्हतं.

तुम्ही आजारी पडलात त्याच आठवड्यात भोईवाड्यातल्या आपल्या खोलीची काच बदलली होतीत. तिच्यावरची फुली तशीच राहिली. आई इतकी वर्षं काच पुसते ती फुली वगळून. एकदा मी फडकं घेतलं, तर म्हणाली, "ठेव ते. ते सांगतील तेव्हा पुसू."

आता चाळ पाडतायत. आई माझ्याकडे दादरला आलीय, सामानही गेलं. किल्ली द्यायच्या आधी आज मी एकटीच खोलीत आलेय. निघताना आई एवढंच म्हणाली, "त्यांना विचारून घे."

म्हणून खिडकीच्या कठड्यावर कागद ठेवून हे लिहितेय. पाठवायचं कुठे, ते आईलाही सांगता आलं नसतं. उद्या माणसं येऊन ही काच फोडतील. त्याआधी एकदा मला तिच्यातून आरपार बघायचंय. फडकं भिजवून आणलंय खरं, पण पिळून तसंच हातात धरून बसलेय.

बाबा, पुसू का? तुम्ही म्हणाल, अजून ओली आहे गो, थांब.